हाताला तोंड नसतं

कॉलेजच्या फाटकासमोर एक झेरॉक्सचं दुकान आहे. दोन मशीन, एक डुगडुगणारं बाकडं, भिंतीला टेकवलेले कागदांचे गठ्ठे आणि काउंटरमागे लेखनिकबाई. त्यांना नाव आहे, कुणालाही असतं तसं, पण ते विचारायचं कुणाच्या मनात येत नाही. मालकसुद्धा त्यांना लेखनिकबाईच म्हणतो. पोरं 'मावशी' म्हणतात. आणि एक माणूस त्यांना 'हात' म्हणायचा, त्याची गोष्ट पुढे येईलच.

ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत लेखनिक मिळतो. विद्यार्थ्याने उत्तर तोंडी सांगायचं, लेखनिकाने ते कागदावर उतरवायचं. बाई हे काम तरुण वयापासून करत आल्या. आता केसांत पांढरं जास्त आणि काळं कमी झालंय. वर्षभर झेरॉक्स, परीक्षा आल्या की मालकाकडून सुट्टी घेऊन लेखनिक. त्यांच्या अक्षरात किती पोरं पदवीधर झाली, कोण बँकेत लागलं, कोण शिक्षक झालं, एकीने तर पुढे जाऊन वकिली केली. बाईंचं शिक्षण मात्र बारावीवर थांबलं ते थांबलंच.

त्याला कारण होतं, आणि ते कारण मोठं मजेशीर होतं. नियमच असा की लेखनिक हा विद्यार्थ्यापेक्षा कमी शिकलेला असला पाहिजे. जास्त शिकलेला बसवला तर तोच उत्तरं लिहील, अशी वरच्या मंडळींना धास्ती. कमी शिकलेलं असणं हीच जिथे पात्रता, असं दुसरं काम मी तरी पाहिलेलं नाही. त्यामुळे कुणी म्हणालं, "बाई, तुम्ही पदवीला का बसत नाही हो?" की बाईंचं उत्तर तयार असायचं: "मी शिकले तर या पोरांचं कोण लिहिणार?" इतकं बिनतोड उत्तर ज्याच्याकडे असतं त्याला दुसरं काही करावंच लागत नाही.

दुसरा नियम त्याहून कडक. सांगितलं तेवढंच लिहायचं. चूक सांगितली तर चूक लिहायची. एका पठ्ठ्याने एकदा एका राजाला त्याच्या जन्माच्या आधीच लढाईत मारलं. बाईंनी निमूटपणे राजा मारला आणि पुढच्या ओळीवर गेल्या. भुवई वर करायची नाही, खाकरायचं नाही, "अं?" म्हणायचं नाही. समोरच्याला भुवई दिसत नसली तरी खाकरणं ऐकू येतं, आणि दारावरच्या सुपरवायझरला दोन्ही कळतं.

हे सगळं इतकं अंगात मुरलं की बाई घरातही वाक्याच्या शेवटी 'पूर्णविराम' म्हणू लागल्या. "दूध आणायचंय, पूर्णविराम." त्यांची आई प्रसूतिगृहात आया होती, आता घरी बसून असते आणि जिभेला मात्र निवृत्ती नाही. ती म्हणायची, "बाळंतिणींच्या किंकाळ्या ऐकून कान किटले होते, आता तुझ्या पूर्णविरामांनी किटतायत. दुसऱ्यांची वाक्यं संपवत बसलीस, स्वतःचं एक तरी सुरू कर."

आईला एवढंच ठाऊक होतं. बाईंच्या कानात रात्रंदिवस काय चालतं ते तिला ठाऊक नव्हतं. मशीनचा दिवा काचेखालून इकडून तिकडे सरकला की बाईंना ऐकू यायचं, "लिहा." भांडी घासताना, जिना चढताना, गर्दीत रस्ता ओलांडताना ऐकू यायचं, "अहो हात, आहात ना तिथे?" वळून पाहिलं तर कुणी नसायचं. आधी आधी बाई दचकायच्या. मग दचकणं थांबलं आणि नुसतं वळून पाहणं उरलं, ते आजही आहे.

हा आवाज मास्तरांचा. ते खरे मास्तर नव्हते, विद्यार्थीच होते, बाईंच्याच वयाचे. पण बोलायचे असे की समोर वर्ग बसलाय. बाईंचं लेखनिक म्हणून पहिलं काम त्यांचंच. दुकानात काठी टेकत आले आणि म्हणाले, "इथे कुणाचं अक्षर चांगलं आहे?" मालकाने बाईंकडे बोट दाखवलं, ते मास्तरांना दिसणार नव्हतं हे लक्षात आल्यावर तोंडानेही सांगितलं. मास्तर हसले. "चला, डोळे नाहीत, हात तरी मिळाला." तेव्हापासून बाई हात.

मास्तर एका लांबच्या गावाहून आले होते. घरात फक्त थोरली बहीण. कॉलेजच्या वसतिगृहात जागा मिळाली होती, पण ती दरवर्षी पास होण्याच्या अटीवर. शेवटचं वर्ष होतं. पुढे एम.ए. करायचं, मग खरोखरचं मास्तर व्हायचं, इतकं साधं ठरलं होतं. परीक्षेआधी बाई दुकानाच्या बाकड्यावर बसून त्यांना पुस्तकं वाचून दाखवायच्या. मध्येच बाईंनी आपलं मत दिलं की मास्तर म्हणायचे, "इथे हवं तेवढं बोला. परीक्षेत मात्र लक्षात ठेवा, हाताला डोकं नसतं आणि हाताला तोंड नसतं." बाई हसायच्या. त्यांनी ते फारच लक्षात ठेवलं.

परीक्षेला मोठ्या हॉलमध्ये बसवत नसत, बोलण्याने बाकीच्यांना त्रास होतो म्हणून. जिन्याखाली खेळाच्या सामानाची खोली होती. कोपऱ्यात गुंडाळलेली जाळी, हवा गेलेले चेंडू, रबराचा आणि धुळीचा वास. तिथे एक टेबल, दोन खुर्च्या. राज्यशास्त्राचा पेपर होता. प्रश्न कायद्यापुढच्या समानतेवर. मास्तर रंगात आले होते. बोटांनी टेबलाच्या कडेवर ताल धरून सांगत होते, "कायद्याच्या दारात सगळे सारखे, स्वल्पविराम, पण त्या दारापर्यंत पोचायला..." मग थांबले. "जरा शेवटचं वाक्य वाचून दाखवा. कुठे होतो मी?"

वाचून घ्यायचा त्यांना अधिकार होता. नियमातच होतं तसं. बाईंनी वाचायला सुरुवात केली, "कायद्याच्या दारात सगळे सारखे..." आणि दार उघडलं.

त्या दिवशी सुपरवायझर नवीन होता. त्याने पाहिलं ते एवढंच, की लेखनिक बोलतेय आणि विद्यार्थी ऐकतोय. त्याला ते उलटं वाटलं. "उत्तरं सांगताय होय?" म्हणत त्याने उत्तरपत्रिका ओढून घेतली. मास्तर उभे राहिले. शांतपणे म्हणाले, "सर, मीच वाचायला सांगितलं. हवं तर यांना विचारा." सुपरवायझरने बाईंकडे पाहिलं. आणि बाई, ज्यांना लेखनिकाने परीक्षेच्या खोलीत स्वतःचं अवाक्षर काढायचं नाही हे घोटून घोटून शिकवलं होतं, त्या गप्प बसल्या. आपण तोंड उघडलं तर नियम मोडेल आणि मास्तरांचं आणखी वाईट होईल, असंच त्यांना त्या क्षणी वाटलं. भित्रेपणा नव्हता तो. आज्ञाधारकपणा होता, आणि कधी कधी तो भित्रेपणापेक्षा वाईट.

मास्तरांना तर बाई दिसत नव्हत्या. त्यांच्या लेखी जी बोलत नाही ती तिथे नाही. त्यांनी बाईंच्या खुर्चीकडे चेहरा वळवला. "अहो हात," ते म्हणाले, "आहात ना तिथे?"

बाई होत्या. टेबलाच्या पलीकडे, हातभर अंतरावर. हातात पेन तसंच. त्यांनी उत्तर दिलं नाही.

मागून चौकशी झाली, कुणीतरी नियम वाचला, सुपरवायझरला चार शब्द ऐकवले. पण पेपर रद्द झालेला तो झालाच, आणि मास्तरांना पुढच्या वर्षी बसा म्हणून सांगण्यात आलं. पुढच्या वर्षी बसायला या वर्षी राहायला जागा लागते. पास नाही म्हणून वसतिगृह गेलं, वसतिगृह नाही म्हणून शहर गेलं. कागदावर शिक्षा एका वर्षाची होती. मास्तर बहिणीकडे गेले ते परत आले नाहीत. फाटकातून त्यांची काठी टकटकत गेली तेव्हा बाई दुकानातच होत्या. मशीन चालू होतं. त्यांनी हाक मारली नाही. मास्तरही थांबले नाहीत, आणि थांबले असते तरी कुणासाठी?

काही वर्षांनी त्यांची बहीण आली. कॉलेजातून भावाचा कसलासा दाखला घेतला होता, त्याची झेरॉक्स हवी होती. बाईंनी नाव वाचलं आणि कागद काचेवर ठेवायचा राहिला. बहीण म्हणाली, "तो गेला हो. ताप डोक्यात गेला. शेवटी शेवटी एकच घोकायचा, अर्धं राहिलंय, हाताला बोलवा, हाताला बोलवा. आम्हाला वाटलं हात दुखतोय. रात्रभर तेल चोळत बसायचो."

बाईंनी झेरॉक्स काढून दिली. पैसे घेतले नाहीत. आवाज आधीपासून होताच, त्या दिवसापासून तो राहायलाच आला.

त्यानंतरही बाई लिहीत राहिल्या. उलट जास्तच. आणि आपण का शिकलो नाही याचं उत्तर अधिकच पक्कं झालं: यांचं कोण लिहिणार? एखाद्या मुलाने वाक्य अर्धवट सोडलं की त्यांना मास्तरांचं वाक्य आठवायचं. 'त्या दारापर्यंत पोचायला' काय? मास्तर पुढे काय सांगणार होते? पैसा लागतो, म्हणणार होते? ओळख लागते? नशीब लागतं? बाईंनी मनात हजार शेवट लावून पाहिले. प्रत्येक वेळी वाटायचं, हा आपला शेवट आहे, त्यांचा नाही, आणि हाताला डोकं नसतं. मग तो खोडून टाकायच्या.

असं आयुष्य सरलंही असतं. पण चिमणी आली.

चिमणी म्हणजे पहिल्या वर्षाची पोर. जन्मापासून दिसत नाही आणि तोंडाला क्षणाची उसंत नाही, म्हणून बाईंनीच तिला चिमणी नाव ठेवलं. पहिल्या वर्षाचे पेपर बाईंनी लिहिले. निकाल लागल्यावर ती दुकानात आली, बाकड्यावर बसली आणि म्हणाली, "मावशी, आता तुम्ही प्रवेश घ्या."

"मी घेतला तर तुझं कोण लिहिणार?"

"तुम्हीच. मी दुसऱ्या वर्षात, तुम्ही पहिल्या. मी तिसऱ्या, तुम्ही दुसऱ्या. कमीच शिकलेल्या राहाल की कायम. नियम कुठे मोडतो?"

बाईंचं बिनतोड उत्तर एका फटक्यात तुटलं. त्या काहीतरी पुटपुटल्या, वय, डोळे, आई, दुकान. चिमणीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मावशी, रागावू नका. तुम्ही आमच्या आड लपताय. लोकांना वाटतं तुम्ही आम्हाला धरून आहात. पण आम्हीच तुम्हाला धरलंय, पडू नये म्हणून."

घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "पोरगी आंधळी आहे म्हणतेस? मला तर सगळ्यांत डोळस वाटते."

बाईंनी प्रवेश घेतला. बाहेरून बसायचं, दुकान सांभाळून. अभ्यासाची अडचण नव्हती, इतकी वर्षं पुस्तकं मोठ्याने वाचून काढली होती. परीक्षा आली. सकाळी आईने दारात उभं राहून सांगितलं, "घाबरू नकोस. मी अडलेल्या बायका सुटताना पाहिल्यात." चिमणी फाटकाशी येऊन थांबली होती. तिने बाईंचा दंड धरून दाबला आणि म्हणाली, "कोरा पेपर देऊन आलात तर मी दुसरी लेखनिक शोधणार. सांगून ठेवते." ती थट्टा करत होती, पण दंड सोडत नव्हती.

पहिलाच पेपर राज्यशास्त्राचा. मोठा हॉल. बाई या हॉलमध्ये आयुष्यात पहिल्यांदा बसत होत्या. घंटा झाली, प्रश्नपत्रिका आली. पेपर काढणारी माणसं आळशी असतात, तोच प्रश्न फिरून फिरून येतो, तसा तो आला होता. कायद्यापुढची समानता. उत्तर येत होतं. बाईंनी पेन उचललं, आणि हात हलेना.

कारण हॉलमध्ये आवाज नव्हता. बाकीच्यांना परीक्षा म्हणजे शांतता. बाईंना परीक्षा म्हणजे समोरचा आवाज. कुणीतरी सांगणार आणि आपण लिहिणार. इथे कुणीच सांगत नव्हतं. पंखा फिरत होता. पुढच्या मुलीच्या पेनाची कुरकुर चालली होती. त्या मुलीने पहिलं पान उलटलं, मग दुसरं. बाईंचं पान पांढरंफटक. डोक्यात सगळं होतं, पण डोक्याकडून हाताकडे जायची वाटच कधी पाडली नव्हती, ती आता कुठून सापडणार? आणि मास्तरांचा आवाज, जो भांडी घासताना पाठ सोडत नसे, तो नेमका आज गप्प होता. बाईंनी मनात म्हटलं, संपलं. चिमणीला काय तोंड दाखवू?

मग त्यांच्याही नकळत ओठ हलले. "समानता म्हणजे," बाई हळूच म्हणाल्या, आणि हाताने ते दोन शब्द लिहिले. "सगळ्यांना एकच माप लावणं नव्हे, पूर्णविराम." हाताने तेही लिहिलं. पुढच्या मुलीने मागे वळून पाहिलं. कोपऱ्यातून बुटांचा आवाज येऊ लागला.

तो आवाज बाईंना पाठ होता. बूट बदलले होते, माणूस बदलला होता, चाल तीच. सुपरवायझर टेबलाशी येऊन थांबला. "बाई, बोलताय कुणाशी? उत्तरं सांगताय?" त्याचा हात उत्तरपत्रिकेकडे आला.

बाईंचं जुनं गप्पपण परत आलं. किती सवयीचं होतं ते. नुसतं बसून राहायचं, खाली पाहायचं. कागद जाईल, आपण घरी जाऊ, उद्या दुकान उघडू.

त्यांनी उत्तरपत्रिकेवर तळहात ठेवला.

"सर, मी माझ्याशीच बोलतेय," त्या म्हणाल्या. आवाज फाटला, पण सगळ्या हॉलला ऐकू गेला. "मला बोलल्याशिवाय लिहिता येत नाही. आजवर दुसऱ्यांचं ऐकूनच लिहिलंय. इथे यांना त्रास होतो, मान्य आहे. जिन्याखाली खेळाच्या सामानाची खोली आहे, मला तिथे बसवा. दारात माणूस उभा करा. पण पेपर घेऊ नका. आणि तुम्हाला ठरवता येत नसेल तर केंद्रप्रमुखांना बोलवा, मी त्यांच्याशीही बोलते."

सुपरवायझर गोंधळला. पेपर कॉपीसाठी काढून घ्यायची त्याला सवय असेल, खोली मागणाऱ्याची नव्हती. तो गेला, केंद्रप्रमुखांना घेऊन आला. केंद्रप्रमुख बाई तरुण होत्या. त्यांनी लेखनिकबाईंकडे पाहिलं आणि ओळखलं, स्वतःच्या पदव्यांच्या झेरॉक्स त्यांनी बाईंच्याच दुकानात काढल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बसा तिकडे. गेलेला वेळ मात्र मिळणार नाही."

"नको," बाई म्हणाल्या. "आहे तो पुरे."

खोली तशीच होती. जाळी नवी, चेंडू नवे, हवा गेलेलीच. वास जुना. टेबलाला दोन खुर्च्या. बाई सवयीने लेखनिकाच्या खुर्चीत बसल्या. समोरची रिकामी. दार ओढून घेतलं गेलं.

बाई मोठ्याने बोलू लागल्या आणि हात धावू लागला. पुरवणी झाली, दुसरी घेतली. आणि बोलता बोलता कधी त्यांच्याच तोंडून ते वाक्य आलं ते त्यांना कळलं नाही. "कायद्याच्या दारात सगळे सारखे, स्वल्पविराम, पण त्या दारापर्यंत पोचायला..."

पेन थांबलं. इथेच ते नेहमी थांबायचं. समोरच्या खुर्चीवर कुणी नव्हतं. टेबलाच्या कडेवर बोटांचा ताल नव्हता. तरीही बाईंना अगदी जवळून ऐकू आलं, पूर्वी यायचं तसंच, न रागावता, नुसतं विचारल्यासारखं.

"अहो हात, आहात ना तिथे?"

बाईंनी सवयीने दाराकडे पाहिलं. मग रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. डोळे भरून आले होते, ते त्यांनी पुसले नाहीत.

"आहे," त्या मोठ्याने म्हणाल्या. "आहे मी, मास्तर. इथेच होते."

बाहेर पहारेकरी खाकरला. दार उघडलं नाही. बाईंनी ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवली, कुठे होतो ते कळावं म्हणून, आणि तिचा शेवट स्वतःच सांगितला, स्वतःच लिहिला: "कुणाला तरी वेळेवर तोंड उघडावं लागतं, पूर्णविराम."

मग त्यांनी कान देऊन ऐकलं. समोरून काहीच आवाज आला नाही. बाईंनी पान उलटलं आणि पुढच्या प्रश्नाचा क्रमांक घातला.